नवी गोळी सूट होत नाही, की जुनी अजून जातेय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नैराश्यासाठी एसिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम (नैराश्यावरचं औषध) आणि क्लोनाझेपाम ०.५ (बेचैनी कमी करून झोप आणणारं औषध) एकत्र असलेली गोळी चार महिने घेतली. झोप लागू लागली, रडू कमी झालं, पण उत्साह आलाच नाही. नव्या डॉक्टरांनी ती बंद करून सकाळी सर्ट्रालिन ५० ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी दिली. आज नववा दिवस: हात थरथरतात, डोकं हलवलं की आत शॉक लागल्यासारखं होतं, रात्री डोळा लागत नाही. ही गोळी मला सूट होत नाही का? अजून किती गोळ्या बदलत बसायचं?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. नवव्या दिवशी होणारा त्रास कशाचा, हा एक. पहिली गोळी खरंच निकामी ठरली होती का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घाईने द्यावं लागेल, म्हणून तिथून सुरुवात करतो. तुमचं वय, इतर आजार, चालू असलेली औषधं तुम्ही लिहिलेली नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडेल असं समजा. हे वाचून स्वतःच डोस बदलू नका.

गोळी बदलल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जे काही होतं त्याचं खापर नव्या गोळीवर फुटतं. तुमच्या बाबतीत संशयित तीन आहेत. एसिटॅलोप्राम गेली, सर्ट्रालिन आली, आणि कुणाच्या लक्षात न येता क्लोनाझेपामही गेलं. पहिल्या दोन गोळ्या एकाच जातीच्या, दोन्ही मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या. म्हणून एसिटॅलोप्राम १० आज बंद आणि सर्ट्रालिन ५० उद्या सकाळी सुरू, हा थेट बदल बहुतेकांना चालतो. जुनी गोळी सुटल्याचा त्रास नवी बऱ्यापैकी झाकून टाकते, पूर्ण नाही. क्लोनाझेपाम मात्र सर्ट्रालिन झाकू शकत नाही, कारण त्याचं काम मेंदूतल्या वेगळ्याच ठिकाणी चालतं. शिवाय ते शरीरातून हळू उतरतं. निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात, त्यामुळे ते बंद झाल्याचा त्रास पहिल्याच दिवशी न दिसता तीन-चार दिवसांनी किंवा आठवड्याने डोकं वर काढतो. थरथर, झोप उडणं, छातीत धडधड, आवाज सहन न होणं हे सगळं त्यात बसतं. सर्ट्रालिनने स्वतः पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, पातळ जुलाब, थोडी थरथर, हलकी झोप होऊ शकते. तुम्ही पोटाचं काहीच लिहिलेलं नाही. नववा दिवस आणि झोपेची ही अवस्था पाहता माझा पहिला संशय क्लोनाझेपामवर जातो, खात्री मात्र कागद पाहूनच होईल.

याचा उपाय साधा असतो. डॉक्टर क्लोनाझेपामची वेगळी गोळी परत देतात आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात: ०.५, मग ०.२५, मग ०.२५ ची अर्धी, प्रत्येक पायरी साधारण दोन आठवड्यांची. कुणाला याहून हळू जावं लागतं. चार महिने रोज ०.५ घेणाऱ्याला एकदम बंद केल्याने फिट येण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते. आधी कधी फिट आलेली असेल किंवा दारू नेमाने घेतली जात असेल, तर आजच फोन करा.

या जोडगोळीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे ती फार चालते. सुरुवातीला एसिटॅलोप्रामने बेचैनी वाढू शकते आणि तिचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. तो मधला काळ निभावण्यासाठी क्लोनाझेपाम दोन ते चार आठवडे द्यावं, असा मूळ हिशेब आहे. एकाच गोळीत कोंबल्यावर तो हिशेब मोडतो. एकीला थांबवायचं तर दुसरीही थांबते. आणि खरी अडचण पुढे येते: एसिटॅलोप्राम १० वरून २० करायची म्हटलं, तर त्याच दोन गोळ्यांत क्लोनाझेपामही दुप्पट होतं, माणूस दिवसभर पेंगतो, म्हणून डोस वाढवला जात नाही. वर्षभर दहावरच राहून ‘मला औषध लागू पडत नाही’ असं म्हणणारे बरेच जण असे अडकलेले असतात. शिवाय पहिल्या आठवड्यातच जी झोप लागते ती क्लोनाझेपामची असते, नैराश्य उतरल्याची नव्हे. तुम्हाला आलेल्या ‘थोड्या फरकात’ किती वाटा कुणाचा होता, हे आता सांगणं अवघड आहे.

आता दुसरा प्रश्न. एखादी अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरची गोळी, निकामी ठरली असं म्हणण्याआधी तिला तीन गोष्टी मिळाल्या का ते पाहावं लागतं: पुरेसा डोस, त्या डोसवर चार ते सहा आठवडे, आणि त्या काळात जवळपास रोज गोळी पोटात गेलेली असणं. एसिटॅलोप्रामची नेहमीची मर्यादा १० ते २० मिलिग्रॅम, सर्ट्रालिनची ५० ते २००, फ्लुऑक्सेटिनची २० ते ६०, व्हेन्लाफॅक्सिनची ७५ ते २२५, मिर्टाझापिनची १५ ते ४५. मधल्या डोसच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. म्हणून प्रत्येकाला टोकापर्यंत नेणं मला पटत नाही. पण तळाच्या डोसवर थोडा फरक पडलेला असेल आणि गोळी सोसत असेल, तर एक पायरी वर जाऊन न पाहता ती बदलणं म्हणजे हातची संधी घालवणं.

वाट किती पाहायची? दोन आठवड्यांत पूर्ण बरं वाटत नाही, पण काहीतरी हलायला हवं: भूक, आंघोळीला उठणं, चिडचिड. पुरेशा डोसवर चार आठवडे गेले आणि तिळमात्र फरक नाही, तर त्याच डोसवर पुढे चमत्कार होण्याची शक्यता कमी. फरक थोडा आहे पण वाढतोय, तर आठ आठवड्यांपर्यंत थांबायला हरकत नाही. हे मोजायला ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरावी. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दर दोन आठवड्यांनी भरा, तारीख टाका. आकडा निम्म्यावर आला तर गोळी काम करते आहे, पाचच्या खाली गेला तर आजार उतरला. ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर औषध बदललं, तर निर्णय त्या दिवशीच्या मनःस्थितीवर होतो. नवव्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, शून्याच्या वर असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पंचविशीच्या आतल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे विशेष लक्ष ठेवावं, कारण या वयात असे विचार आणि बेचैनी वाढू शकते.

‘उत्साह आलाच नाही’ या तुमच्या वाक्यावर मी थोडा थांबलो. याचे दोन अर्थ होतात. नैराश्य अर्धंच उतरलं, हा एक: सकाळ जड, कामात मन नाही, स्वतःला दोष देणं चालूच. दुसरा असा, की दुःख गेलं पण त्याबरोबर आनंदही गेला, लग्नकार्यात बसूनही काही वाटत नाही, रडायचं म्हटलं तरी येत नाही. हा सपाटपणा या जातीच्या गोळ्यांचा परिणाम असू शकतो. पहिल्यात डोस वाढवायचा असतो, दुसऱ्यात कमी करायचा किंवा वेगळ्या जातीच्या गोळीकडे जायचं असतं. उपाय अगदी उलटे. सपाटपणा असताना एसिटॅलोप्रामवरून सर्ट्रालिनवर गेल्याने फारसं काही बदलत नाही, दोघी सख्ख्या बहिणीच. तुमचा त्रास गोळीच्या आधी होता तसाच राहिला की गोळीनंतर नव्याने आला, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

दुसरी गोळीही हलेना, तर निदानाकडे परत जावं. टीएसएच (थायरॉइडची), हिमोग्लोबिन, बी-१२ या तीन तपासण्या स्वस्तात होतात. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि थकवा, मंदपणा, चिडचिड ही लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात. रात्री मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार तपासावा. दारू रोजची असेल तर कुठल्याच गोळीची परीक्षा धड होत नाही. आणि हे विचारायला डॉक्टरही विसरतात: आयुष्यात कधी सलग चार-पाच दिवस झोप कमी होऊनही थकवा नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी, खर्च, बडबड, भांडणं असं झालं आहे का? घरात कुणाला? असेल तर हा बायपोलर आजार असू शकतो, आणि त्यात अँटिडिप्रेसंट बदलत राहणं हे उत्तर नव्हे. हे तुम्हाला आठवणार नाही, भावाबहिणींना आठवेल.

बदल करायचाच ठरलं, तर पद्धत जोडीवर ठरते. एका जातीतून त्याच जातीत, तर थेट बदल चालतो, हे वर आलंच. त्याला फ्लुऑक्सेटिन अपवाद. ती शरीरात इतकी रेंगाळते की तिचा परिणाम पाच आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून २० मिलिग्रॅमवरची एकदम थांबवतात, चार ते सात दिवस जाऊ देतात आणि मग नवी गोळी लहान डोसवर सुरू करतात. या रेंगाळण्याचा फायदा असा की ती सोडताना त्रास कमी होतो. तोटा असा की पुढची गोळी अमिट्रिप्टिलिन असेल, तर फ्लुऑक्सेटिन तिला यकृतात अडवून धरते आणि रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं. अशा वेळी १० मिलिग्रॅमनेच सुरुवात करून हळूहळू चढायचं.

पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन याच्या उलट. दोन्ही झपाट्याने उतरतात, एक डोस चुकला तरी संध्याकाळपर्यंत गरगरायला लागतं. व्हेन्लाफॅक्सिन १५० वरून ७५, मग ३७.५, प्रत्येक पायरीला एक ते दोन आठवडे, आणि मधल्या पायरीवर सर्ट्रालिन २५ ने सुरुवात, असा आडवा बदल करतात. याच्या कॅप्सूलमधले दाणे किंवा डेसव्हेन्लाफॅक्सिनची लांब काम करणारी गोळी कुटून, चावून घ्यायची नाही. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. डेसव्हेन्लाफॅक्सिनचं रिकामं टरफल कधी शौचातून पडलेलं दिसतं, त्याने घाबरू नये, औषध आत उतरलेलं असतं.

मिर्टाझापिनकडे जाताना ती रात्री १५ ने सुरू करून जुनी गोळी एक-दोन आठवड्यांत उतरवतात. ती झोप आणि भूक दोन्ही आणते, वजन वाढवते. गंमत म्हणजे कमी डोसला झोप जास्त येते. ब्युप्रोपिऑनकडे जाताना वेगळी चूक होते. ती सेरोटोनिनला हात लावत नाही, त्यामुळे जुनी गोळी एकदम काढली तर सुटल्याचा त्रास उघडा पडतो आणि लोक म्हणतात ‘ब्युप्रोपिऑनने डोकं फिरलं’. जुनी हळू उतरवावी, ही सकाळी १५० ने सुरू करावी, संध्याकाळी उशिरा घेऊ नये. फिट येण्याचा इतिहास किंवा खाण्याचा विकार असेल तर ती टाळतात.

जुनी सुटल्याचा त्रास आणि आजार उलटणं, हे ओळखायचं कसं? सुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांत येतो आणि त्यात नवीच लक्षणं असतात: शॉकसारखे झटके, गरगर, विचित्र ठळक स्वप्नं, मळमळ. जुनी गोळी परत दिली तर एक-दोन दिवसांत जातात. आजार उलटतो तो आठवड्यांनी, आणि जुन्याच चेहऱ्याने येतो. बहुतेकांचा सुटल्याचा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, काहींना मात्र जास्त काळ राहतो. त्यांच्या बाबतीत शेवटचे थोडे मिलिग्रॅम सगळ्यांत अवघड जातात, कारण मेंदूवरचा परिणाम डोसच्या सरळ प्रमाणात उतरत नाही. १० वरून ५ सोपं, ५ वरून शून्य कठीण. मध्ये २.५ ची पायरी टाकावी.

धोक्याची लक्षणं वेगळी आहेत. ताप, दरदरून घाम, जुलाब, पाय आपोआप थडथडणं, गोंधळलेपण हे एकत्र आलं तर सेरोटोनिन जास्त झाल्याची शंका घेऊन थेट रुग्णालयात जायचं. असं फक्त दोन अँटिडिप्रेसंटमुळे होतं असं नाही. दुखण्यासाठी मिळणारं ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधाला न जुमानणाऱ्या क्षयात दिलं जाणारं लिनेझोलिड, या तिघांची सर्ट्रालिनसारख्या गोळीशी जोडी धोक्याची ठरू शकते. मेडिकलवाल्याला आणि हाडांच्या डॉक्टरांनाही तुमची गोळी सांगा. साठीच्या पुढे, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, बदलानंतर दोन आठवड्यांनी सोडियम तपासावं. म्हातारं माणूस अचानक भांबावलं तर घरचे ‘डिप्रेशन वाढलं’ म्हणतात आणि सोडियम घसरलेलं निघतं. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या रोज चालू असतील तर पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टाळतात, कारण त्या टॅमॉक्सिफेनचं काम अडवतात.

किती गोळ्या बदलायच्या, याचं प्रामाणिक उत्तर आकड्यांतच द्यावं लागेल. अमेरिकेतल्या सुमारे ४००० रुग्णांच्या स्टार-डी या अभ्यासाचे निकाल २००६ मध्ये आले. पहिल्या गोळीवर साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार पूर्ण उतरला. ज्यांचा नाही उतरला आणि ज्यांनी गोळी बदलली, त्यांच्यातल्या जवळपास एक चतुर्थांशांचा दुसऱ्या गोळीवर उतरला. त्या दुसऱ्या गोळ्या सर्ट्रालिन, ब्युप्रोपिऑन आणि व्हेन्लाफॅक्सिन अशा वेगवेगळ्या होत्या, तरी निकालात म्हणावा असा फरक नव्हता. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मात्र प्रमाण सात-आठांत एकावर आलं. सगळ्या पायऱ्यांची बेरीज करून सांगितला जाणारा गुलाबी आकडा पुढे वादात सापडला, म्हणून तो मी सांगत नाही. २०१८ मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यातही सगळी औषधं खोट्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली, पण आपसातला फरक लहानच निघाला.

यातून मी व्यवहारात असा अर्थ काढतो. दुसरी गोळी निवडताना ‘सगळ्यांत जोरदार कुठली’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कुठला त्रास तुम्हाला चालेल, कुठला नाही, आणि सख्ख्या नात्यात कुणाला कुठली लागू पडली, यावर निवडावी. झोप-भूक गेलेल्याला मिर्टाझापिन, सुस्त आणि लैंगिक इच्छा मेलेल्याला ब्युप्रोपिऑन, अंगदुखीही असलेल्याला ड्युलॉक्सेटिन. जनुक तपासणी करून ‘तुमची गोळी’ शोधून देऊ म्हणणाऱ्या पॅकेजवर या टप्प्याला पैसे घालू नका. एखादी गोळी शरीरात जास्त साचेल का, हे त्यातून थोडंफार कळतं. ती लागू पडेल का, हे कळत नाही.

आणि दोन गोळ्या नीट, पुऱ्या डोसवर होऊनही अर्धंच बरं वाटत असेल, तर तिसरी बदलण्याऐवजी चालू गोळीला जोड द्यावी, या मताचा मी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १५२२ माजी सैनिकांवर हे तपासलं गेलं: ब्युप्रोपिऑनवर बदल केलेल्यांत १२ आठवड्यांनी २२ टक्के, तर चालू गोळीला ॲरिपिप्राझोल या वेगळ्या जातीच्या औषधाची जोड दिलेल्यांत २९ टक्के लोकांचा आजार उतरला. फरक मोठा नाही, आणि जोड घेणाऱ्यांना एका जागी बसवेना असा त्रास व वजनवाढ जास्त झाली. मिळवलेला अर्धा फरक मात्र हातचा जात नाही. लिथियम ही जुनी आणि अजूनही भरवशाची जोड आहे. समुपदेशन, म्हणजे खरं शिस्तीतलं आठवड्याचं सत्र, यात धरायला हवं. फार खालावलेल्या, खाणंपिणं सोडलेल्या माणसाला ईसीटी (भूल देऊन केलेला विजेच्या झटक्याचा उपचार) लवकर द्यावी. शहरात नसाल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातूनही या गोष्टींची दिशा मिळते.

तुम्ही आत्ता काय करायचं? सर्ट्रालिन मनाने थांबवू नका आणि जुनी जोडगोळी वरून सुरू करू नका, नाहीतर चौथा संशयित तयार होईल. सर्ट्रालिन नाश्त्यानंतर घ्या, चहा-कॉफी दुपारनंतर बंद. दारू या काळात अजिबात नको. गाडी चालवणं झोप सुधारेपर्यंत टाळा. डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगा: आधीच्या गोळीत क्लोनाझेपाम होतं, ते अमुक तारखेला एकदम थांबलं, थरथर आणि झोप जाणं अमुक दिवशी सुरू झालं. हा त्रास आवरला की सर्ट्रालिन ५० वर एकूण चार आठवडे पुरे करून पीएचक्यू भरा, आणि डोस १०० करायचा का ते त्या आकड्यावरून डॉक्टरांशी ठरवा. जुनी स्ट्रिप फेकली नसेल तर फोन करताना हाताशी ठेवा. या जोडगोळ्या वेगवेगळ्या प्रमाणात येतात, आणि तुमच्या गोळीत क्लोनाझेपाम नेमकं किती होतं ते तिच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं.